छापणं सोपं, वसुली अवघड

नाशिकरोडला एखादा माणूस ‘प्रेसमध्ये आहे’ म्हणाला, तर तो बातम्या लिहितो असं कुणी समजत नाही. तो नोटा छापतो किंवा तिकिटं छापतो. इंडिया सिक्युरिटी प्रेस इथे १९२५ साली उभी राहिली आणि वर्षभरात तिकिटांची छपाई सुरू झाली. त्याआधीची सत्तर वर्षं हिंदुस्थानातल्या पत्रांवर लागणारी तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापून बोटीने येत. १९२८ साली नोटांची प्रेस आली आणि पाचव्या जॉर्जचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट तिथून बाहेर पडली. चित्र छापायचं आणि ते थेट पैसे म्हणूनच चालवायचं, इतका सरळ धंदा देशात दुसरीकडे क्वचितच चालत असेल.

याच गावात माझा एक व्यंगचित्रकार मित्र स्वतःची कॉमिक्स स्वतः छापून विकतो. प्रदर्शनात त्याच्या टेबलामागे मी अधूनमधून बसतो, कारण त्याला चहा प्यायला जायचं असतं. टेबलावर घरची चादर. तिच्यावर चोवीस पानांचं कॉमिक, शेजारी स्टिकरचे ताव, छातीला लावायचे गोल बिल्ले, पोस्टकार्डं, नमुन्यापुरते दोन कप आणि एका पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड. एकदा एक आजोबा आले. कॉमिक उचललं, उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, दोनदा खुदकन हसले.

“चित्रं कुणाची?”

“माझीच, आजोबा,” मित्र म्हणाला.

“छापलं कुणी?”

“तेही मीच.”

“मग विकायलाही तुम्हीच बसलात?”

त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, चक्क काळजी होती. पुस्तक जागच्या जागी नीट ठेवून ते निघून गेले. मी मात्र त्या तिसऱ्या प्रश्नापाशी अडकलो. चित्र काढणाऱ्याने विकायला बसू नये, हे आपल्याला कधीपासून वाटू लागलं? आणि जे बसले, त्यांचे पैसे परत कसे आले? मराठी व्यंगचित्रांबद्दल लिहिताना रेषा, विनोद, राजकीय धार यांवर पुष्कळ लिहिलं जातं. पैशाच्या वाटेबद्दल सहसा कुणी बोलत नाही. मला ती वाट शोधावीशी वाटली.

सुरुवात पिंगुळीपासून करावी लागते. कुडाळजवळच्या या गावातले ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं पोथीसारखी बाळगत. एकेक चित्र लोकांपुढे धरायचं, वाद्याच्या साथीने कथा सांगायची, की पुढचं. चित्रांच्या ओळीतून गोष्ट सांगायची म्हणजे कॉमिकच की हे. पण चित्र विकलं जात नसे. विकली जाई ती गोष्ट, आणि तिचे पैसे किंवा धान्य तिथल्या तिथे पदरात पडे. माल घरी परत, मोबदला हातात, उधारी नाही. पुढच्या दीडशे वर्षांत हा हिशेब इतका चोख क्वचितच कुणाला जमला. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा लोककलेचा गौरव झाला असं सगळ्यांनी म्हटलं. मला त्यात एका शहाण्या विक्रीपद्धतीचाही गौरव दिसला.

चित्र कागदावर हजारांनी छापलं जाऊ लागलं आणि उधारी सुरू झाली. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. राम पंचायतन, शिवाजी महाराज, नाना फडणवीस अशी शिळाछापाची रंगीत चित्रं तिथून निघत आणि घरोघरच्या भिंतींवर जात. पण पुण्यात छापलेलं चित्र येवल्याच्या किंवा जळगावच्या घरात जायचं कसं, आणि तिथला रुपया पुण्यात यायचा कसा? त्याचं उत्तर एक वर्ष आधी, १८७७ साली टपाल खात्याने देऊन ठेवलं होतं. त्याचं नाव व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही.पी. पार्सल दारात येतं, पोस्टमन पैसे घेतो तेव्हाच ते हातात देतो आणि ते पैसे पाठवणाऱ्याकडे पोचते होतात. ओळख ना पाळख, तरी दोघांचा विश्वास मधल्या खाकी माणसावर. मराठीत ‘व्ही.पी. सोडवून घेणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. गहाण पडलेला दागिना सोडवावा तसं पुस्तक सोडवायचं! आणि ‘व्ही.पी. परत आली’ ही कित्येक हौशी प्रकाशकांच्या घरातली मृत्युवार्ता. गिऱ्हाईकाचं मन बदललं की जातायेतानाचा टपालखर्च पाठवणाऱ्याच्या बोडक्यावर.

योगायोग असा की त्याच १८७७ साली अलाहाबादेत ए. एच. व्हीलर कंपनी निघाली आणि रेल्वे स्टेशनांवर पुस्तकांचे स्टॉल आले. म्हणजे दोन वर्षांच्या आत रंगीत छापखाना, टपालाने वसुली आणि फलाटावरचं दुकान या तिन्ही गोष्टी तयार होत्या. उरला होता तो एकटा चित्रकार, आणि तो या साखळीत मालक म्हणून कुठेच नव्हता.

मालक होण्याचा मोठा प्रयत्न राजा रविवर्मांचा. १८९४ साली मुंबईत गिरगावात त्यांचा छापखाना सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. जर्मन यंत्रं, जर्मन तंत्रज्ञ, लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आणि कर्ज. प्लेगचे दिवस, पैसा अडकलेला. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या तंत्रज्ञाला विकावा लागला आणि चित्रं छापण्याचे हक्कही त्याच्याकडे गेले. त्यानंतर या देवता कॅलेंडरांवर आणि मालाच्या जाहिरातींवर जिथेतिथे झळकल्या. आज ज्याला ‘मर्चंडाइज’ म्हणतात ते हेच. चित्रकाराच्या नावाने देशभर पसरलेलं आणि चित्रकाराच्या हातातून गेलेलं.

त्याच छापखान्यासाठी ब्लॉक करण्याचं काम धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या त्र्यंबकेश्वरच्या माणसाने केलं. पुढे भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला, भागीदाराशी बिनसलं तेव्हा सोडून दिला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. त्याच वर्षी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आला. चित्र छापणारा चित्र हलवू लागला. भागीदारांची कटकट तेवढी इथेही चुकली नाही. दादासाहेब १९४४ साली नाशिकमध्येच गेले, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं.

आता व्यंगचित्रांकडे येतो. मराठीत त्यांना घरोघरी नेण्याचं श्रेय ज्या मासिकाला जातं ते विकण्यासाठी निघालंच नव्हतं. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याचं गृहपत्र म्हणून. नांगर आणि चरक यांची माहिती लोकांपर्यंत पोचवायची, एवढाच हेतू. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले, व्यंगचित्रं काढणारे. आज आपण कॉमिकसोबत कप विकतो. तिथे नांगरासोबत व्यंगचित्र जात होतं. उलटी गंगा म्हणा. पण तिने गावोगाव वाचक तयार केला, आणि वसुलीची चिंता नांगराने वाहिली.

मग दीनानाथ दलाल. १९१६ साली मडगावात जन्मलेला हा माणूस मुंबईत पुस्तकांची मुखपृष्ठं, कथांची चित्रं, कॅलेंडरं, व्यंगचित्रं काढत होता आणि १९४५ साली त्याने स्वतःचा अंक काढला, ‘दीपावली’. मराठी चित्रकाराच्या स्वातंत्र्याची तारीख सांगायचीच झाली तर मी ही सांगेन. चित्र कसं छापायचं, किती मोठं, कुठल्या कागदावर, कुणाच्या कथेशेजारी, हे सगळं ठरवणारा आता चित्रकारच. दिवाळी अंकाचं गणितही त्याच्या पथ्यावर पडणारं होतं. छपाईचा बराचसा खर्च जाहिरातींतून निघे, वाचकाकडून येणारी किंमत त्यावरची भर. वसुली वाचकाकडून जाहिरातदाराकडे सरकली. अर्थात जाहिरातदाराकडून पैसे येता येता पुढची दिवाळी उजाडे, ही कुरबूर दिवाळी अंक काढणाऱ्या कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळते.

मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ हा दिवाळी अंक १९५१ चा. त्यातली खिडकीचित्रं मला या सगळ्या मागोव्यात विशेष महत्त्वाची वाटतात. पानाला एक खिडकी कापलेली. आतून भलतंच काहीतरी सूचित होतंय, वाचक इकडेतिकडे बघून पान उलटतो, आणि आत अगदी निष्पाप दृश्य. लोकांनी त्यातला चावटपणा तेवढा लक्षात ठेवला. पण छपाईच्या अंगाने बघा. हे व्यंगचित्र नुसतं बघण्याचं नव्हतं, हाताळण्याचं होतं. वर्तमानपत्रात ते छापता येत नव्हतं, कापून भिंतीला लावलं तर त्यातली गंमत मरत होती. व्यंगचित्र ही वस्तू झाली ती इथे. नाशिकचे ज्ञानेश सोनार हे या खिडक्यांमागचं एक ठळक नाव. म्हणजे स्टिकर आणि बिल्ल्यांच्या कुळवृत्तांतात आमच्या गावाचा आडवा का होईना धागा आहेच.

तरी खिडकी कापणारा चित्रकार अंकाचा मालक नव्हता. त्याला मिळे ते मानधन आणि अंकाची एक प्रत. मालक व्हायचं तर नोकरी सोडावी लागे, आणि ती सोडली बाळ ठाकरे यांनी. ‘फ्री प्रेस जर्नल’मधून बाहेर पडून १३ ऑगस्ट १९६० ला भाऊ श्रीकांत यांच्यासोबत ‘मार्मिक’ सुरू केला. नुसत्या व्यंगचित्रांच्या बळावर चालणारं मराठी साप्ताहिक. दिल्लीत ‘शंकर्स वीकली’ १९४८ पासून होतंच. इथे वसुलीचा मार्ग पेपर टाकणाऱ्या पोऱ्यांचा आणि नाक्यावरच्या स्टॉलचा. अंक आठवड्याचा, हिशेबही तेवढाच ताजा. सहा वर्षांत, १९ जून १९६६ ला, या साप्ताहिकाच्या वाचकांतून शिवसेना उभी राहिली आणि व्यंगचित्रकाराने रेखाटलेला वाघ भिंतींवर, फलकांवर, रिक्षांवर गेला. एका स्वतंत्र व्यंगचित्रकाराने आपल्या रेषेतून याहून मोठं मर्चंडाइज काढल्याचं जगात कुठे ऐकिवात नाही. पक्षाबद्दल ज्याचं त्याचं मत ज्याच्यापाशी.

याच्या अगदी उलट उदाहरण आर. के. लक्ष्मण यांचं. १९५४ साली त्यांनी एशियन पेंट्ससाठी रंगाची बादली आणि ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा काढला. नावासाठी स्पर्धा झाली, पाचशे रुपयांचं बक्षीस लागलं, नाव ठरलं गट्टू. २००२ सालापर्यंत तो डब्यांवर होता. देशातली किती घरं त्याच्या देखत रंगली असतील! पण पोरगा कंपनीचा. ‘कॉमन मॅन’चंही थोडं तसंच. ‘टाइम्स’ला दीडशे वर्षं झाली तेव्हा १९८८ साली तो टपाल तिकिटावर आला, २००१ साली पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा उभा राहिला, पुढे एका स्वस्त विमान कंपनीनेही त्याला घेतलं. हा चौकड्यांच्या कोटातला माणूस विमानापर्यंत पोचला. त्याची चित्रं आपल्या टेबलावर मांडून विकायची वेळ लक्ष्मणांवर कधी आली नाही, कारण मागे वर्तमानपत्र होतं.

शि. द. फडणीस यांनी तिसरीच वाट काढली. मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्यांची शब्दांवाचूनची चित्रं गाजली. त्यातलं एक कुणाला आठवत नाही? तरुणाच्या शर्टावर मांजरं, तरुणीच्या साडीवर उंदीर. आज असा शर्ट आणि अशी साडी छापून विकली तर टेबल संध्याकाळपर्यंत रिकामं होईल. त्यांनी कपडे विकले नाहीत. साठच्या दशकापासून मूळ चित्रं पानातून काढून दालनात टांगली, ‘हसरी गॅलरी’ नाव दिलं आणि गावोगाव नेली. पुढे ‘चित्रहास’ हा पडद्यावर चित्रं दाखवत बोलण्याचा कार्यक्रम केला. चित्र दाखवायचं, त्यावर बोलायचं, चित्र घेऊन घरी जायचं. पिंगुळीचा हिशेब पुन्हा जुळला की! मधल्या काळात त्यांचीच चित्रं शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत लाखो मुलांच्या दप्तरात पोचली होती.

आणि पुण्याच्या मंगेश तेंडुलकरांनी तर वसुलीच रद्द केली. दिवाळीत नळस्टॉपच्या चौकात उभं राहून, स्वतः तयार केलेली वाहतुकीवरची व्यंगचित्रं असलेली शुभेच्छापत्रं ते सिग्नलला थांबलेल्या लोकांच्या हातात देत. किंमत एकच, सिग्नल पाळा. २०१७ साली ते गेले. ही वसुली किती झाली ते पुण्याची वाहतूक पाहून ज्याने त्याने ठरवावं.

कॉमिकची कहाणी मात्र वेगळ्या रुळावरून आली. शब्दशः. टाइम्सने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. माझ्या वयाच्या माणसाला मराठीतून बोलणारा वेताळ भेटला तो फलाटावरच्या व्हीलरवर, गाडी उशिरा असेल तर. १९६७ पासून अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ आली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकारांनी त्यात जीव ओतला. आमच्या पिढीचा कृष्ण हा वाईरकरांचा कृष्ण. चेहरा त्यांनी दिला, पण मालमत्ता प्रकाशनाची. मानधन मिळालं की चित्राशी चित्रकाराचा संबंध संपला.

इथे थोडा कायदा सांगतो, कारण टेबलामागे बसणाऱ्या पोरापोरींना तो कुणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क मालकाकडे जातो तो छापण्यापुरता. वेगळा करार नसेल तर बाकीचे हक्क चित्रकाराकडे राहतात. शिवाय हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. कित्येक जुन्या चित्रकारांनी हे वाचलं असतं तर म्हातारपण सुखाचं गेलं असतं.

१९९१ च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मध्ये चिंटू आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. त्यात मला भावतो तो मालकीचा भाग. पुढे चिंटू ‘सकाळ’मधून ‘लोकसत्ता’त गेला, तोच पोरगा, तीच गँग, तोच सतीशदादा आणि त्याच जोशीकाकू. वर्तमानपत्र बदललं तरी पात्र बदललं नाही, ते काढणाऱ्यांबरोबर चालत गेलं. पुस्तकं झाली, २०१२ साली चित्रपट झाला. गट्टूपासून चिंटूपर्यंत यायला आपल्याला सदतीस वर्षं लागली.

बाहेर जगात टेबल आधीच मांडलं गेलं होतं. टेबल कसलं, बाबागाडी. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्ब आणि त्याच्या मंडळींनी ‘झॅप कॉमिक्स’चा पहिला अंक लहान मुलाच्या बाबागाडीत भरून रस्त्यावर विकला. टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये हौशी चित्रकारांचे बत्तीस गट एका सभागृहात जमले, सुमारे सातशे लोक आले. तोच बाजार, कॉमिकेट, आता लाखांची गर्दी खेचतो. दोन्हीकडे नियम एक. ज्याने काढलं त्यानेच विकायचं. तिथे आमच्या आजोबांसारखी काळजी कुणी केली नसावी.

भारतात कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भरलं. मुंबईच्या अभिजीत किणी यांनी २०१२ साली ‘अँग्री मावशी’ आणली. नऊवारीतली मावशी हातात लाकूड कापायची साखळी-करवत घेऊन भ्रष्ट लोकांच्या मागे लागते. कॉमिक स्वतःच्या स्टुडिओचं, त्यासोबत स्टिकर, पोस्टर, बिल्ले. नागपूरचे रोहन चक्रवर्ती दंतवैद्यक शिकले आणि ‘ग्रीन ह्युमर’मधून पशुपक्ष्यांची व्यंगचित्रं काढू लागले. गोव्यात पर्वरीजवळ तोर्डा गावी मारियो मिरांडा यांच्या चित्रांचं दालन आहे. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी ते उभं केलं. कप, फरशा, टी-शर्ट, चित्रांच्या प्रती, सगळं तिथे मिळतं. गोव्याहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेत काजूबरोबर मारियोचा कप असतो. मारियो २०११ साली गेले, रेषा अजून कमावते आहे.

आता आमच्या टेबलाचं गणित. ऑफसेटवर छापायचं तर प्लेट आणि यंत्र लावण्याचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजार प्रतींनाही तेवढाच. म्हणून पूर्वी हजार छापल्याशिवाय परवडत नसे, आणि त्यातले सातशे पलंगाखाली जात. डिजिटल छपाईने पन्नास प्रती काढता येऊ लागल्या. प्रत महाग पडते, पण पलंगाखाली जागा राहते. पानं चाराच्या पटीत हवीत, कारण मधोमध टाचून घडी घालायची. गोष्ट बावीस पानांत संपली तरी चोवीस करावी लागते. शेवटच्या दोन पानांवर मग मित्राची मांजर येते. दुकानात ठेवायला दिलं तर दुकानदार चाळीस टक्क्यांच्या आसपास कापतो, वितरक मध्ये आला की अजून. एका दुकानदाराकडे आम्ही पंचवीस प्रती ठेवल्या होत्या. सहा महिन्यांनी विचारायला गेलो तर त्याने प्रती कपाटावरून काढून धूळ झटकून परत दिल्या. एकोणीस होत्या. उरलेल्या सहांबद्दल “बघतो” म्हणाला. अजून बघतोय.

म्हणून टेबल. आणि टेबलावर कॉमिकपेक्षा स्टिकर आधी विकला जातो, हे सगळ्या चित्रकारांना कळून चुकलंय. स्टिकरला वाचावं लागत नाही. बिल्ल्याला यंत्र एकदा घेतलं की घरी बसून पन्नास दाबता येतात. कपावर चित्र चढवायचं तर खास लेप दिलेला कप, खास शाईने छापलेला कागद आणि दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते. टी-शर्ट हा तोट्याचा मामला. मध्यम माप संपतं, एक्स्ट्रा लार्ज वर्षभर घरात. सरकारचा न्यायही गमतीचा आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, तेच चित्र कपावर गेलं की कर. पण कॉमिकच्या छपाईचा खर्च निघतो तो कपानेच. किर्लोस्करवाडीत नांगर जे करत होता ते आता कप करतो.

वसुलीचा शेवटचा मोठा बदल २०१६ चा. एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नव्या पाचशेच्या नोटा रात्रंदिवस छापल्या जात होत्या आणि त्याच गावातला माझा मित्र नोटेवाचून पैसे घ्यायला शिकत होता. त्याआधी वीस रुपयांच्या स्टिकरला लोक पाचशेची नोट पुढे करत, सुटे नसले की हसून निघून जात. आता मोबाइल किणकिण करतो. बाहेरगावची मागणी असेल तर आधी पैसे, मग पार्सल. व्ही.पी. परत येण्याची भीती संपली. पोस्टमनला मध्ये घालून जो विश्वास उभा करावा लागत होता तो आता गिऱ्हाईक आंधळेपणाने देतं, अनोळखी चित्रकाराला, आगाऊ. मराठी वाचक कंजूष असतो ही तक्रार मी यापुढे ऐकून घेणार नाही.

टपालाचं मात्र उलट झालं. स्वस्तात पुस्तक पाठवायची बुक पोस्टची सोय १८ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आली, पण ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. व्यापारी स्वरूपाचं किंवा ठराविक काळाने निघणारं प्रकाशन त्यात बसत नाही. करवतवाल्या मावशीचं कॉमिक सांस्कृतिक की व्यापारी, हे खिडकीतल्या बाबूने ठरवायचं. त्याच वर्षी रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. मित्र आता बहुतेक पार्सलं कुरिअरने पाठवतो. तिकीट लागत नाही, नोट लागत नाही. दोन्ही जिथे छापली जातात त्या गावातून हे पार्सल निघतं.

तेव्हा वाचकहो, पुढच्या साहित्य संमेलनात, दिवाळीच्या प्रदर्शनात किंवा कॉलेजच्या महोत्सवात असं एखादं टेबल दिसलं तर जरूर थांबा. स्टिकर घ्या, बिल्ला घ्या. “विकायलाही तुम्हीच बसलात?” असं विचारू नका, दीडशे वर्षांच्या खटपटीनंतर तो बसलाय. आणि कॉमिक उचललंत तर चौथ्या पानापर्यंत चाळा. आवडलं तर पाचवं पान घरी जाऊन वाचा.